नाटकाच्या व्हिडिओतला खोकला

बाळांनो, हे मी तुमच्या आईबाबांनाही कधी सांगितलेलं नाही. फोनवर सांगता आलं असतं — पण फोनवर मी औषधं आणि थंडी यांच्यापुढे जातच नाही. म्हणून लिहिते आहे.

दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि तिकीट लावून नाटक होतं, हे तुम्ही लहानपणी पाहिलं आहे. त्या नाटकवेड्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. शाळेत इंग्रजी शिकवलेली, शिस्तीची बाई — म्हणून ॲडमिन मी. नियम मीच लिहिला: चालू हंगामातल्या नाटकाचं शूटिंग इथे टाकायचं नाही. नाटकावर लिहिणाऱ्याचा हक्क असतो. आणि फुकट पाहायला मिळालं तर पुढच्या गावात तिकीट कोण काढेल? यावरून किती जणांना झापलं मी.

आणि एकोडीच्या मंडईत शेवटचा अंक मीच मोबाईलवर घेतला. तुम्हाला दाखवायला — नाही, तुमचं नाव मध्ये नको. मला घ्यावासा वाटला, घेतला, घरच्या गटात टाकला. त्या गटात सगळे सोयरेधायरे आहेत, हे मला माहीत नव्हतं का?

काही दिवसांनी तो व्हिडिओ फिरत फिरत नाटकाच्या गटात आला. टाकला देवचंदने. माझा जुना विद्यार्थी, त्याच नाटकात पेटी वाजवणारा. त्याची पेटी त्यात छान ऐकू येत होती, म्हणून कौतुकाने टाकला असावा. मी लावून पाहिला. नायिकेच्या निरोपाच्या गाण्यात मोबाईलजवळ एक म्हातारी खोकते. तो खोकला मी ओळखला.

तेवढ्यात नाटकाच्या लेखकाचा निरोप आला — व्हिडिओ आधीच सगळीकडे पोचला म्हणून पुढच्या गावाने नाटक रद्द केलं होतं. आता ॲडमिन काय करते, याची सगळे वाट पाहत होते. मी देवचंदला काढलं. वर स्वच्छ भाषेत लिहिलं की घरभेद्यांना इथे जागा नाही. तो शब्द माझाच.

त्याचा फोन आला. "बाई, मले काहून काढलं? मले आला, मी टाकला. मी तं पेटी वाजवून राहिलो होतो, मोबाईल का पायानं धरला असता?"

नियम सर्वांना सारखा, म्हटलं मी.

यानेच कुणाला तरी बसवून शूटिंग करवलं, असं लोक बोलू लागले. बाई म्हणतात म्हणजे खरंच असेल. नाटक कंपनीने त्याला पुन्हा बोलावलं नाही. मला एकच ओळ लिहायची होती — किती हंगाम गेले, लिहिली नाही.

यंदाही मंडईत मला पुढची खुर्ची मिळाली. पेटीवर दुसरंच कुणी होतं. देवचंद बाजूला, लोकांत उभा. ऐन गाण्यात मला खोकला आला, तोच. त्याने वळून पाहिलं. पाहतच राहिला. मग पाण्याची बाटली घेऊन आला.

"घ्या, बाई."

मी पाणी प्यायले, बाटली परत दिली, आणि पुढचं नाटक पाहत बसले.