लगद्याचा किल्ला आणि सह्यांचा कागद

वाघोलीत येऊन मला दोन वर्षं झाली, तरी आई फोनवर अजून विचारते, "त्या परदेशात काऊन राहून राहिली तू?" गोंदियाहून तिला पुणं परदेशच वाटतं. मी हसण्यावारी नेत असे. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र तिचं पटायला लागलं होतं.

आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याला झेब्रा क्रॉसिंग नाही, सिग्नल नाही. पलीकडे शाळा. मुलं दप्तरं सांभाळत डंपरच्या मधून पळतात. हे असंच चालू द्यायचं? मी पत्रक लिहिलं, छापून आणलं आणि रविवारी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरले. दारं साखळीपुरती उघडत. "आम्ही भाडेकरू." "आमची स्कूलबसने जाते." एका आजोबांनी पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "उद्गारचिन्हं फार आहेत." सही नाहीच. तीन मजले, चार सह्या.

वैतागून मी उरलेला गठ्ठा वॉचमनच्या केबिनबाहेर टेकवला आणि चहा प्यायला गेले. परत येते तर गठ्ठा बादलीत.

पार्किंगमध्ये पाच-सहा पोरं दिवाळीचा किल्ला करत होती. आमच्या गावात ही पद्धत नाही; इथे किल्ल्याशिवाय दिवाळी सुरूच होत नाही म्हणे. पण सोसायटीभर पेव्हिंग ब्लॉक, माती आणणार कुठून? म्हणून विटा रचून, वर पोतं टाकून, त्यावर माझ्या पत्रकांचा लगदा थापणं चाललं होतं.

"कोणाला विचारून घेतलंत?" मी ओरडले.

कोपरापर्यंत माखलेली, सहावीतली एक मुलगी उभी राहिली. "ताई, तिथे रद्दीच ठेवतात सगळे."

"रद्दी? तुमच्यासाठीच भांडतेय मी! वाचलं तरी का?"

"वाचलं. खूप मोठं आहे."

"आणि ओरडल्यासारखं आहे," मागून एकजण म्हणाला.

मी बादली उचलायला वाकले. तेवढ्यात तिने त्याच मुलाची बाही वर केली. कोपर सोललेलं. "याला काल रिक्षा घासून गेली. घरी नाही सांगितलं. सांगितलं तर खाली सोडणार नाहीत."

"मग तुम्हीच दाखवा कसं सांगायचं ते," मी रागानेच म्हटलं. तिने शांतपणे हात पुढे केला. "सह्यांचा कागद द्या."

दिला. लगद्यात जाणार, हे गृहीत धरूनच.

वसुबारसेला संध्याकाळी लोक किल्ला बघायला उतरले. वर महाराज सिंहासनावर, उतारावर हळीव उगवलेलं, आणि पायथ्याशी काळा रुंद रस्ता. त्यावर खेळण्यातल्या गाड्या एकीला एक चिकटून. पलीकडे काडेपेटीची शाळा, अलीकडे मावळ्यांची रांग. एक मावळा रस्त्यात आडवा. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं : "मावळे अडकले आहेत. सही करा." शेजारी माझा कागद, सुतळीने बांधलेलं पेन.

"सक्ती आहे का?" एका काकांनी विचारलं.

"हो," ती मुलगी म्हणाली.

आजोबाही आले. कंबरेवर हात ठेवून वाकले, पुठ्ठा वाचला. "हं. उद्गारचिन्ह नाही." आणि सही केली.

कागद दोन्ही बाजूंनी भरला. शेवटी पोरांनीही आपापली नावं ठोकली होती, सगळ्यांत मोठ्या अक्षरात. महापालिकेच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "लहान मुलांच्या सह्या चालत नाहीत, नवीन कागद आणा." मी म्हटलं, "अपघात चालतात का त्यांचे?" भांडून पोच घेतली. क्रॉसिंग अजून झालेलं नाही. अर्ज 'वर' गेलाय म्हणतात. वर म्हणजे कुठे, कोणी सांगत नाही.

तोवर रोज सकाळी मीच रस्त्यात हात आडवा करून उभी राहते. डंपरवाले शिव्या देतात, मीही देते. आणि मागून, दप्तरांच्या रांगेतून, ती मला दटावते, "ताई, हात सरळ! वाकला की ते घुसतात."

या शहरात इतक्या हक्काने मला दुसरं कोणी बोलत नाही. मी हात सरळ करते.