बाकावरची घरमालकीण

स्वातंत्र्यानंतरची पहिलीच वर्षं होती. खोलीच्या भाड्याची तक्रार घेऊन मी कोल्हापुरातल्या भाडेनियंत्रण कचेरीत गेलो होतो. बाकावर एक म्हातारी घरमालकीण आणि तिचा भाडेकरू शेजारी बसले होते. मुलाचं लग्न ठरलं म्हणून तिला खोली परत हवी होती. दुपारी तिनं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी आधी त्याच्या हातावर ठेवली.

मी बघतच राहिलो.

"बगतायसा काय पावणं? भांडान खोलीचं हाय, पोटाचं न्हाय," म्हातारी म्हणाली.

निकाल भाडेकरूच्या बाजूनं लागला. बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, "ऱ्हा बाबा. पर सुनंला कुठं ठिवू, त्ये तूच सांग की."

तिची पिशवी त्यानं हातात घेतली आणि दोघं शिवाजी पेठेकडं चालू लागली.

मीही भाडेकरूच, पण त्याच्या जिंकण्याचा मला आनंद होईना.