मारोतीदादाचा बांध

मारोतीदादा बांध कोरायचा. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या वावरात नांगराचं एखादं तास आत घुसायचं आणि वर भांडणही आपणच उकरून काढायचं, ही त्याची रीत. पालमकडच्या आमच्या गावात त्याच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. माझा हा थोरला भाऊ. वावर दोघांचं एकत्र, त्यामुळे त्याच्या भांडखोरपणाचा मला कधी त्रास झाला नाही.

त्रास सुरू झाला तो पन्नाशी उलटल्यावर त्यानं परभणीला जाऊन बाप्तिस्मा घेतला तेव्हा. घरात रडारड झाली. हा शांतपणे म्हणाला, "कशाला रडायलात? जुना मारोती मेला. लय बरं झालं."

बरं, मेला तर मेला. पण त्याच साली हा बांध उलटीकडं सारायला निघाला! किसनची, म्हणजे शेजारच्या आमच्या धाकट्या चुलतभावाची, आजवर कोरलेली सगळी पट्टी परत द्यायची म्हणे. मी डोक्याला हात लावला.

"दादा, निम्मं वावर माझं हाय. मला इचारलंस का?"

"तुझं जेवढं जाईल तेवढं माझ्यातून घे."

"लोक हसायलेत."

"हसू दे. मेलेल्याला कसली लाज?"

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

किसनला यात डाव दिसला. तो चार माणसं घेऊनच आला. दादानं सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाला, "जुना बांध कुठं व्हता, तूच दाव." किसननं तो चांगला आमच्यात घुसवून दाखवला. दादाच्या गळ्याची शीर फुगली, शिवी ओठांवर आली. ती त्यानं गिळली. घरी येताना मला म्हणाला, "मेलेला उठायलाय बघ परत. रोज मारावं लागतंय त्याला."

एवढं देऊनही किसन बोलेना. रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचा. "जाऊ दे त्याला," मी वैतागून म्हणायचो. दादाचं एकच, "त्यानं एकदा हाक मारावी. दुसरं काय बी नको." वर्षं गेली, हाक काही आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात दादा गेला. वावरातच पुरा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. पास्टर परभणीहून यायचे होते. तोवर मी बांधाजवळच्या लिंबाखाली जागा दाखवली आणि पोरं खणायला लागली. खड्डा निम्मा झाला तेव्हा किसन आला आणि बघतच राहिला. मग माझ्या ध्यानात आलं. मी जुन्याच सवयीनं जागा दाखवली होती. दादानं परत दिलेली पट्टी ती. खड्डा किसनच्या वावरात होता.

मी घाईनं पुढं झालो. "बुजवतो किसन, अलीकडं घेतो."

तो एका पोराच्या हातची कुदळ घेऊन खड्ड्यात उतरला आणि खणू लागला. मग लिंबाखाली पांढऱ्या चादरीत ठेवलेल्या दादाकडं बघून म्हणाला, "दादा, हितंच ऱ्हा."

इतकी वर्षं अडवून धरलेली हाक यानं आज मारली, आणि ऐकायला तो नव्हता. मला दोघांचाही इतका राग आला, की खड्ड्याच्या काठावर बसून मी हमसून हमसून रडलो.