कातरीचा ठोका

लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझे सासरे माझ्याशी थेट बोलले नव्हते. भांडण नव्हतं, आमच्याकडची रीतच तशी. सुनेशी बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत, आणि त्या विहिरीवर गेल्या असतील तर म्हशीच्या मार्फत. "चाय झाली असंल तर बरा," असं ते गोठ्याकडे तोंड करून म्हणायचे आणि मी चहा नेऊन ठेवायची. मलाही त्यांना काही सांगायचं असलं की मी सासूबाईंना जरा मोठ्याने सांगायची. म्हशीला घरातली सगळी खबर असायची.

आमचं गाव अंबाडीजवळ. भात निघालं की माळावरचं गवत कापायचं, दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा घरचा जुना धंदा. पण नव्वद सालाच्या आसपास कापणीला बायका मिळेनाशा झाल्या. कुणी भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सुताच्या कांड्या भरायला जाई, कुणी वीटभट्टीवर. उभं गवत जास्त वाळलं की तबेलेवाले त्याला हात लावत नाहीत. म्हणून बंद पडलेल्या एका डेअरीत ट्रॅक्टरला जोडायची जुनी कातर पडून आहे हे कळल्यावर ती आणायला मी नवऱ्याची पाठच धरली. ती दारात आली तेव्हा सासरे म्हशीला म्हणाले, "आता लोखंड गवत खानार. तू ऱ्हा उपाशी."

मला लहानपणापासून एक खोड आहे. फिरणारी वस्तू दिसली की ती कशाने फिरते हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ही कातर तर मला फारच आवडली. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर एक चाक फिरायचं, चाकावर कडेला एक खुंटी होती, खुंटीत एक लाकडी दांडा अडकवलेला. चाक गोल फिरायचं आणि दांडा मात्र मागेपुढे ढकलत राहायचा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला माणसाएवढी लांब पट्टी, तिच्यावर ओळीने तिकोनी पाती. पट्टीखाली लोखंडी बोटं, जागेवर घट्ट. पातं एका बोटापासून निघून दुसऱ्या बोटापर्यंत जायचं आणि मधलं गवत कापायचं. गोल फिरण्याचं सरळ धावणं कसं होतं, हे मी तासभर उकिडवी बसून बघत होते. चुलीवरचा भात करपला तो वेगळाच.

मशीन जुनी, खुंटीचं भोक झिजून लांबट झालेलं. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला खाड खाड ठोका. दुसऱ्याच दिवशी त्या ठोक्याने दांडा उभा चिरला. संध्याकाळी सासरे ओटीवरून म्हणाले, "तिला सांग, शुक्रवारपत्तुर चालली तर चालली. न्हायतर शनवारी भंगारवाला येनार हाय." सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. हट्ट माझा होता. कातर भंगारात गेली असती तर त्या घरात पुन्हा काही सुचवायला मला तोंड उरलं नसतं.

नवरा भिवंडीच्या निजामपुऱ्यात लूमवर रातपाळी करायचा. तिथले म्हातारे जॉबर, म्हणजे लूमची दुरुस्ती करणारे, कारखान्यातले सगळे त्यांना चाचा म्हणत. मोडका दांडा घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो कानाशी धरून वाजवला. मग लूममध्ये आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याला फटका मारणारी जी काठी असते, तसल्या चिवट लाकडाचा नवा दांडा करायला घेतला. तोवर मी चालू लूमपाशी उभी. धोटा या टोकाच्या पेटीतून सुटायचा, त्या टोकाच्या पेटीत शिरायचा, डोळा ठरत नव्हता. मी विचारत गेले, ते सांगत गेले. म्हणाले, "धोटा पुरा पेटीत बसला पायजे, बाई. आधा बाहर राहिला तर समझो धागा गेला."

नव्या दांड्याच्या दोन्ही टोकांना त्यांनी जाड चामड्याच्या चकत्या घातल्या. लूममध्ये जिथे जिथे ठोका, तिथे तिथे चामडं, हा त्यांचा आयुष्यभराचा हिशोब.

मंगळवारी सकाळी कातर जोडली. ठोका पार गेला. मी खूश. पण माळावर नेली तर गवत कापण्याऐवजी चावत होती. निम्मं आडवं पडलं, निम्म्याचे तुरे हलत उभेच. पन्नास पावलांवर पट्टीत गवताचा बोळा अडकला. सासरे बांधावर उभे होते. बोलायला जवळ म्हैसही नव्हती.

नवरा झोपायला गेला. मी कातरीपाशी बसून चाक हाताने फिरवत राहिले. बुधवारी पुन्हा तेच. पाती धारदार, बोटं सरळ, मग चुकतंय कुठे? शेवटी एका पात्यावर कोळशाची खूण केली आणि ते कुठवर जातं ते बघितलं. एका टोकाला ते बोट ओलांडून पुढे जात होतं, दुसऱ्या टोकाला बोटापर्यंत पोचतच नव्हतं. दोन्हीकडे चूक सारखीच, माझ्या करंगळीच्या जाडीएवढी. चामड्याच्या चकत्यांनी दांडा तेवढाच लांब झाला होता. मला एकदम चाचांचा धोटा आठवला. मी उठून घरात गेले आणि सासूबाईंना इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजाऱ्यांनाही ऐकू जावं, "पट्टी पेटीत बसत न्हाय, म्हनून कापत न्हाय." सासूबाई म्हणाल्या, मी बहिरी नाही. ओटीवरून सासऱ्यांच्या विडीचा वास तेवढा आला.

गुरुवारी दांडा पिशवीत घालून एकटीच एसटीत बसले. भिवंडीला एकटी मी पहिल्यांदाच गेले. चाचांनी आधी ऐकून घेतलं नाही. आवाज गेला ना, मग दुरुस्ती झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांची सगळी विद्या कानात होती. मी रिकामा धोटा उचलला, बंद लूमच्या पेटीत अर्धा ठेवला आणि लूम चालू करा म्हटलं. त्यांनी धोट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसत चामडं उचकटायला घेतलं. त्या जागी पितळी बुश, म्हणजे भोकात बसणारं कडं, बसवला आणि चामड्यासाठी वाढीव ठेवलेलं लाकूड माझ्या करंगळीला लावून तेवढं कापलं. म्हणाले, "थोडा ठोका राहील."

म्हटलं, राहू दे.

शुक्रवारी लूमला सुट्टी. नवऱ्याने सकाळीच ट्रॅक्टर काढला. कातर खाड खाड करत निघाली आणि तिच्यामागे गवत एका अंगावर निजत गेलं, बुंध्यापासून साफ. मी मागोमाग चालत होते, हसत होते आणि रडतही होते, पदर तोंडात धरून. माळाच्या टोकाला नवऱ्याने ट्रॅक्टर थांबवला. सासरे बांध उतरून आले, कातरीपाशी वाकले, पात्याला बोट लावून बघितलं. सासूबाई घरी होत्या, म्हैस गोठ्यात. नवऱ्याशी बोलतील असं मला वाटलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"पट्टी पेटीत बसली काय गो?"

मला पदर सावरायचंही सुचलं नाही. "बसली," मी म्हटलं.