पैकीच्या पैकी

पंडरीच्या कापडबाजारातली ती लिफ्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. कपड्याच्या एका घाऊक दुकानात गठ्ठे वर नेणाऱ्या लिफ्टचा दोर तुटला आणि आत उभा असलेला हमाल जागीच गेला. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पंचनामा करताना दिसलं, दोर झिजून बारीक झाला होता. दर महिन्याच्या तपासणीच्या नोंदींत मात्र त्याची जाडी अगदी नियमात बसत होती.

दुसऱ्या दिवशी देखभालीच्या कंपनीतल्याच कुणाचा तरी फोन आला. "साहब, वो लड़का रस्सा नापने ऊपर चढ़ता ही नहीं." त्याने नाव सांगितलं नाही. मीही आग्रह धरला नाही. अशी माणसं दुसऱ्यांदा विचारलं की गप्प होतात.

तो लड़का म्हणजे दर महिन्याला ती लिफ्ट तपासणारा पंचविशीतला तंत्रज्ञ. चौकशीला बोलावलं तर सोबत वडील आले, रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. मी मराठी आहे हे कळताच त्यांना धीर आला. "साहेब, काहून त्रास देऊन राहिले पोट्ट्याले? प्रॅक्टिकलमधी पैकीच्या पैकी मार्क आहेत त्याले!"

मी पंचांसमक्ष पोराची बॅग उघडली. दोराची जाडी मोजायचा कॅलिपर आत होता, पण कंपनीच्या सीलबंद पिशवीतून कधी बाहेरच निघाला नव्हता. तो जप्त केला आणि तसाच दुसरा मागवून मी त्याच्या हातात दिला. पुढे दोराचा एक तुकडा ठेवला. म्हटलं, "मोज."

त्याने तो उलटा धरला. मग सुलटा. बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला आणि हळूच टेबलावर ठेवून दिला.

"नापना नहीं आता, सर. कॉलेज में उत्तर पहले से पता रहता था, रीडिंग बाद में बैठा देते थे. सब बैठाते थे. यहाँ भी वही किया."

आपण कुणाला फसवलं, असं त्याला वाटतच नव्हतं. कामाची रीत सांगावी तसं तो सांगत होता.

वडील त्याच्याकडे वळले. "मंग ते पैकीच्या पैकी काहाचे होते रे?"

तेव्हा कुठे पोरगा रडला. मी त्याला अटक केली. निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम लागलं, आणि ते लागायलाच हवं होतं; हमालाची बायको बाहेर बाकावर बसली होती. पण त्या बापाकडे मला बघवेना.

नोकरीत आल्यावर माणूस बिघडतो, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. हा सवय लावूनच आला होता, आणि इतक्या वर्षांत कुणी त्याला "पुन्हा मोज" म्हटलं नव्हतं. एकाने जरी म्हटलं असतं तरी दोन घरं वाचली असती. ही हळहळ जात नाही.

आता आमच्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात, शेजारचं कुणी निकालाचे पेढे घेऊन आलं की मी पेढा खातो, पोराची पाठ थोपटतो आणि विचारतो, "रीडिंग स्वतः मोजलंस ना रे?" सगळे हसतात. "हव, काका, मीच मोजलं," असं अजून कुणी म्हटलेलं नाही.