अनीसाचं झाड

आमच्या मोर्शीकडं संत्र्याच्या कलमा म्हटल्या की इनायतुल्लाभाऊच. मानूस लय तिरसट, पन हात सोन्याचा. जंबेरीच्या, म्हंजे जंगली लिंबाच्या, रोपाची साल चिराची, संत्र्याच्या काडीवरचा बारीकसा कोंब, ज्याले आमी डोळा म्हनतो, तो आत बसवाचा अन् वरून पट्टी बांधाची. बाकीचे कलमवाले धा झाडांचे डोळे घेत. हा बाबा एकाच झाडाचे घे.

ते झाड त्यायच्या लेकीचं. अनीसा झाली तवा तिची नाळ आंगनात पुरली अन् वर संत्रं लावलं. आठ वर्साची पोर तापानं गेली. तवापासून भाऊंनी दुसऱ्या झाडाचा डोळा घेतला नाई. माझ्या बागेतली चारशे झाडं त्याच झाडाच्या डोळ्यांची. भाऊ बागेत याचे, खोडावर हात ठेवाचे अन् म्हनाचे, "खैरियत है ना, अनीसा?" माझ्या अंगावर काटा ये. एकटी पानी देताना मले वाटे, झाडाआडून कोनीतरी पाहून राह्यलं. लय भ्याव लागे, खोटं काहून बोलू?

दोन हजार पाचले पानं पिवळी पडली. एका झाडाची नाई, साऱ्यायची. बारा गावच्या बागा एकाच तऱ्हेनं वाळू लागल्या. मी फांद्या बांधून अकोल्याले कृषी विद्यापीठात गेली. तिथल्या दामिनीताईंनी तपासलं अन् माझ्यासंगं भाऊंच्या आंगनात आल्या.

"भाऊ, बीमंदी आईबाप दोघं असतात," त्या म्हनाल्या. "डोळ्यात एकच झाड असते. डोळ्यातून त्याचं लेकरू नाही होत, तेच झाड पुन्हा होते. गोडी तीच, दुखनंही तेच. या झाडात रोग शिरला अन् डोळ्यासोबत बारा गावी गेला. हे तोडावं लागेल."

"माझी पोर तोडता?" भाऊ झाडापुढं आडवे झाले.

माझं डोस्कंच फिरलं. "अन् माझी बाग मेली ते? तुमी डोळे देतच राहसान, अन् लोकायनं वाळलेली झाडं पाहाची?"

दामिनीताईंनी मले थांबवलं. "कोवळ्या शेंड्याचा मोहरीहून बारीक तुकडा घेतो. तिथवर रोग बहुतेक पोचत नाही. काचेच्या नळीत वाढवून तेच झाड निरोगी करता येते."

भाऊंचं तोंड एकदम उजळलं. "मंग ती येईन? तापाबिगर?"

दारात अनीसाची माय, आमिनाभाबी, पदर तोंडात धरून उभ्या होत्या.

"झाड येईल, भाऊ," ताई हळूच म्हनाल्या. "पोरगी नाही येत."

इतक्या वर्सात गावात एकाची हिंमत झाली नव्हती हे बोलाची. मीबी नुसती हो ला हो करत आली होती. मले माझीच लाज वाटली.

भाऊंनी शेंडे खुडून ताईंच्या हाती देले. मंग घरातून कुऱ्हाड आनून माझ्या हातात ठेवली. "तू मार, सुभद्रा. मले तिचा आवाज येते."

मी दात आवळून पयला घाव घातला. खरं सांगू, मीबी कान देऊन होती. लाकडाचाच आवाज आला. दुसऱ्या घावाले भाऊंनी कुऱ्हाड माझ्या हातून घेतली अन् थांबलेच नाई.

झाड पडलं. भाऊ बुंध्यापाशी बसले अन् भाबीले म्हने, "आमिना, अपनी बच्ची मर गई ना?"

"हां जी," भाबी म्हनाल्या, "कब की." अन् त्यायच्याजवळ जाऊन बसल्या.