चालीवरचं इंग्रजी

आमचं गाव वलगावच्या पलीकडं. चौथीच्या पुढं तिथं मुलींची सोय नव्हती. वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. बापानं अकोल्याला मुलींचं एक वसतिगृह शोधून काढलं. तिथं एकच जागा रिकामी होती आणि तिथल्या बाई मुलींना प्रश्न विचारून ती देणार होत्या. पोरीला थोडं इंग्रजी यावं, एवढी त्यांची अट. जागा मिळाली तर शाळा, नाही मिळाली तर लग्न. हे मला घरात कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

इंग्रजी मामानं शिकवलं. तो मॅट्रिक नापास. शेवट जुळणारे शब्द तो अर्थासकट एका ओळीत बसवायचा आणि पाढ्याच्या चालीवर म्हणून घ्यायचा. कॅट मांजर, रॅट उंदीर, मॅट चटई, फॅट लठ्ठ. दुसरी ओळ, हेन कोंबडी, पेन लेखणी, टेन दहा, मेन माणसं. अशा पुष्कळ ओळी. कापूस संपल्यावर शेतातल्या पऱ्हाट्या उपटताना मी त्या म्हणायची आणि पुढच्या सरीतून बाप म्हणायचा. त्यालाही पाठ झाल्या.

अकोल्याला आम्ही सकाळच्या मोटारीनं गेलो. बाईंच्या खोलीत चटईवर मी आणि आणखी एक मुलगी बसलो. बाप बाहेर खिडकीशी उभा. बाईंनी मला विचारलं, "मॅट म्हणजे काय?"

मी सुरू केलं, "कॅट मांजर, रॅट उंदीर..."

"थांब. मी मॅट विचारलं."

मी पुन्हा कॅटपासून सुरू केलं. मधला शब्द मला वेगळा काढताच येत नव्हता. सातचोक विचारलं की सात एकेपासून निघावं लागतं, तसं.

"गाऊ नकोस. नुसतं सांग."

चाल सोडली आणि तोंडात काही उरलं नाही. शेजारची मुलगी माझ्याकडं बघत होती. तेवढ्यात खिडकीतून हळू आवाज आला, "कॅट मांजर, रॅट उंदीर..."

बाई उठल्या. "तुम्हाला बसायचंय का हिच्या जागी?"

"नाही बाई. पण तिले चाल धरू द्या. चालीबिगर तिची गाडी निघत नाही."

"इंग्रजी कोणी चालीवर बोलतं का?"

"मले काय मालूम बाई. आमच्याकडं कोणी बोलतच नाही."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मला म्हणाल्या, "बरं. मॅट म्हणजे चटई. आता मॅट घालून एक वाक्य कर."

वाक्य मामानं शिकवलंच नव्हतं. शब्द आला, अर्थ आला की इंग्रजी आलं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी खाली मान घालून म्हटलं, "कॅट रॅट मॅट फॅट."

"हे वाक्य नाही, ही माळ झाली," बाई म्हणाल्या. मग दुसरीला विचारलं. तिनं बसल्या जागी चटईवर हात ठेवला आणि म्हणाली, "धिस इज अ मॅट." तिला माझ्या निम्मेही शब्द येत नसतील. पण ती बोलली. जागा तिला मिळाली, ठीकच झालं. मी बाई असते तर मीही तिलाच दिली असती.

मोटारीत मूर्तिजापूर आलं. मग बाप म्हणाला, "मामाले काही बोलू नको. त्यानं जीव लावून शिकवलं."

"मी काहून बोलू?"

"पुढच्या साली पुन्हा येऊ. वाक्याचं कोणाले तरी विचारू."



वाक्याचं त्यानं खरंच विचारलं, अमरावतीच्या एका मास्तरला. तो शिकवायला तयार झाला. शिकवणी सुरू करायच्या आधी बापानं मला विचारलं, "पुढच्या साली जातं का अकोल्याले?" मी नाही म्हटलं. त्या खोलीत पुन्हा बसायचं नव्हतं मला. त्यानं दोन दिवस वाट पाहिली, मग मास्तरला नको म्हणून कळवलं. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, नांदगाव खंडेश्वरकडं.

लोक म्हणतात, तुझा बाप भला, पोरीला विचारून करायचा. भला होताच. पण एवढ्याशा पोरीला कोणी विचारतं का? तिला हाताला धरून न्यायचं असतं.